पाजण्याचा मान

जगात बहुतेक ठिकाणी माणसं बिल चुकवायला खोटं बोलतात. ग्रीसमधल्या व्होलोसमध्ये ती बिल द्यायला मिळावं म्हणून खोटं बोलतात. बंदरावरच्या कुठल्याही त्सिपुरोच्या, म्हणजे द्राक्षाच्या कडक दारूच्या, दुकानात दुपारी जाऊन बसा. चार मित्र उठताना हातघाईवर आलेले दिसतील. एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं असतं, तिसरा हात धुवायला जातो म्हणून सांगून गल्ल्यावर पैसे ठेवून आलेला असतो, आणि चौथा घरी पोचेपर्यंत रुसून बसतो. इथे दुसऱ्याला पाजणं हा मान आहे, आणि मान कुणाला नको असतो?

अरेती झिसीने नेमकी हीच नस धरली होती.

अरेती साठी ओलांडलेली, उंच, आवाजाने जाड आणि स्वभावाने आखडू वाटणारी बाई. डिसेंबरातही रोज सकाळी समुद्रात पोहून येणारी. तरुणपणी तिने ऑलिव्हच्या घाण्यांसाठी एक संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाची पोती कधी आली, कुणाचं तेल कुठल्या पिंपात गेलं, ते त्यावर कळे. आता हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्या काळी घाणेवाल्यांच्या गळी संगणक उतरवणं म्हणजे बोक्याला आंघोळ घालण्यासारखं होतं. हंगामात ती स्वतः घाण्यांवर जाऊन पोत्यांवर झोपली, शिव्या खाल्ल्या, आणि शिव्या खाता खाता कुणाला काय हवंय ते शिकली. धंदा वीस-एक वर्षं नीट चालवला आणि योग्य वेळी विकून टाकला.

मग विद्यापीठाजवळच्या केंद्राने तिला नव्या उद्योजक पोरांची मार्गदर्शक म्हणून बोलावलं. ती गेली. तिथे काचेच्या भिंती होत्या, बसायला खुर्च्यांऐवजी रंगीत गाद्या होत्या, आणि भिंतीवरचे सगळे आलेख वर जात होते. एकही खाली जात नव्हता. गादीवरून उठताना तिची कंबर धरली आणि तिने जाहीर केलं, "पुढच्या शनिवारपासून दुपारी मिल्तोसच्या दुकानात. तिथे खुर्च्या आहेत."

मिल्तोसच्या दुकानात त्सिपुरोची बाटली येते एवढीशी, आणि प्रत्येक बाटलीबरोबर मिल्तोसच्या मनाला येईल ती बशी. पहिल्या फेरीला तळलेली मासोळी आणि रानकोंबांचं लोणचं, मग शिंपले, आणि माणूस टिकून राहिला तर निखाऱ्यावरचा ऑक्टोपस. अरेतीने तिथे आपला नियम घातला. आठवड्यात ज्याचं काम खरोखर पुढे सरकलं असेल, त्यालाच सगळ्यांना फेरी पाजता येईल. कुणाचंच सरकलं नसेल, तर ज्याचं त्याने बिल द्यायचं. ज्याचं त्याने! व्होलोसमध्ये याहून मोठी नामुष्की नाही. पहिल्या शनिवारी मिल्तोसला तशी वेगवेगळी बिलं करता येईनात, तेव्हा त्याने पोरांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ती जर्मनीहून आली होती.

काम सरकलं की नाही हे ठरवायला अरेतीकडे एकच प्रश्न होता.

"बाजारात आमच्याबद्दल फार उत्सुकता आहे."

"कोणाला?"

"चाळीस जणांनी नाव नोंदवलंय."

"कोण कोण?"

नाव सांगावं लागे. ते नातेवाइकाचं चालत नसे, आणि त्या माणसाने तुमच्यासाठी काहीतरी झीज सोसलेली असावी लागे. पैशांची नाही तर निदान वेळेची, निदान एका शिवीची. पोरं पाठीमागे तिला कोणबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एक गोष्ट मात्र गावाला खुपायची. इतक्या वर्षांत अरेतीने स्वतः एकदाही फेरी पाजली नव्हती. नियम म्हणजे नियम, ती म्हणे. मला कुठे गिऱ्हाईक आहे? मिल्तोस तिला मुद्दाम सगळ्यांसमोर 'किरीया', म्हणजे बाईसाहेब, लावून विचारी, "किरीया अरेती, तुमच्या पाकिटात कोळिष्टकं झाली असतील, झाडू देऊ का?" ती हसून घेई. पण व्होलोसची बाई ती. फुकटचं पिताना घोट थोडा अडायचाच.

त्या वर्षी मिल्तोसच्या टेबलावर लेफ्की आणि यासोन ही जोडगोळी आली. लेफ्की बुटकी, चटपटीत, जिभेला हाड नसलेली. यासोन उंच आणि गप्प. तो सोल्डरिंग करायचा, ती बोलायची. त्यांनी एक डबी बनवली होती. ती बोटीच्या तळाशी बसवायची. तळात पाणी साचायला लागलं की डबी मालकाच्या फोनवर बोंब ठोकायची, आणि एरवी रोज सकाळी एक साधा निरोप धाडायची, 'पाणी नाही. बोट ठीक.' डबी खरोखर चांगली होती. अरेतीने ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि काही बोलली नाही. तिच्याकडून ही मोठी शाबासकी होती.

वसंतातल्या एका शनिवारी लेफ्की दारातूनच ओरडली, "मिल्तोस, आजची फेरी माझ्याकडून! पन्नास बोटी!"

अरेतीने आपल्या पेल्यावर हात ठेवला. "कोण?"

"आता पन्नास नावं घेऊ का?"

"घे. मला कुठे जायचंय?"

लेफ्कीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. स्तामातिस काका. काकाचे दोन मित्र. यासोनचा बाप्तिस्मा करणारा धर्मपिता, त्याची मोठी पांढरी शिडाची बोट. आईचा दातांचा डॉक्टर. धर्मपित्याचा व्याही.

"आणि सगळे म्हणतात, अप्रतिम आहे!"

"म्हणणारच. पोरी, तुझ्या काकाला तू समुद्रावरचा दगड नेऊन दिलास तरी तो म्हणेल, वा, काय गुळगुळीत दगड! पैसे दिले का कुणी?"

"पहिलं वर्ष फुकट आहे. सगळे असंच करतात."

"डबी बोटीत बसवलीय की खणात पडलीय?"

लेफ्कीने यासोनकडे पाहिलं. यासोनने मासोळीकडे पाहिलं.

"किरीया अरेती," लेफ्कीचा आवाज चढला, "दोन आठवड्यांनी अथेन्समध्ये गुंतवणूकदारांसमोर उभं राहायचंय मला. तिथे पन्नास म्हणाले तर आमचं वर्ष निघेल. नाही निघालं तर श्टुटगार्टची नोकरी आहे, महिनाअखेर कळवायचंय त्यांना. मी काही तिथे हौसेने चालले नाही. तुम्ही आमच्या बाजूच्या आहात की नाही?"

"तुझ्याच बाजूची आहे, म्हणून विचारतेय. तिथे कुणीतरी हाच प्रश्न विचारेल, तेव्हा काकाचं नाव सांगणार आहेस?"

"तुम्हाला कुणाचं बरं बघवतच नाही!" असं म्हणून लेफ्की उठली, आपल्या वाट्याचे पैसे टेबलावर आपटले आणि निघून गेली. त्या दिवशी ज्याचं त्याने बिल दिलं.

शब्द लागला अरेतीला. वरून ती कितीही आखडू दिसो, लेफ्कीवर तिचा जीव होता. या पोरीत तिला पोत्यांवर झोपणारी दुसरी एक पोरगी दिसायची. घरी आली तेव्हा तिचा नवरा अपोस्तोलिस परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. तो आयुष्यभर फेरीबोटीवर इंजिनवाला होता आणि आता टोमॅटोंच्या वजनाबद्दल गावभर थापा मारत होता. घरातला तराजू त्याने मागच्या उन्हाळ्यापासून लपवून ठेवला होता.

"यंदा एकेक किलोचा होणार," तो म्हणाला.

"अपोस्तोलिस, आज नको."

तिने सगळं सांगितलं. त्याने काठी बांधून पूर्ण केली आणि म्हणाला, "तीस वर्षं इंजिन चालवलं मी. वा बाबा, काय सुरेख चालतंय, असं म्हणायला एकही माणूस कधी खाली आला नाही. पण एकदा दहा मिनिटं बंद पडलं, तर कप्तान चड्डीवर धावत आला होता. लोक काय म्हणतात ते कशाला विचारतेस? बंद करून बघ, कोण चड्डीवर येतो ते."

अरेतीने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "किलोचा होईल रे तुझा टोमॅटो."

सोमवारी ती स्वतः लेफ्कीच्या गॅरेजवर गेली. रुसवा काढायला बरोबर बुगात्सा या गोड पेस्ट्रीचा पुडा होता. पाण्याची बोंब चालूच ठेवायची, ती म्हणाली, त्याला हात लावायचा नाही, कुणाची बोट बुडायला नको. फक्त उद्या सकाळचा 'बोट ठीक' हा निरोप पाठवायचा नाही. आणि फोनपाशी बसायचं.

लेफ्कीने पुडा सोडला, एक घास खाल्ला, आणि तोंडातलं न गिळताच म्हणाली, "चालेल. पन्नासातले चाळीस फोन तरी येतील. मग शनिवारी मी पाजणार आणि तुम्ही गपचूप पिणार."

मंगळवारी सकाळी तिघं गॅरेजमध्ये बसली. निरोपाची वेळ झाली आणि गेली. फोन मेल्यासारखा पडून होता. यासोनने तो दोनदा उचलून चार्जिंग आहे का पाहिलं. एकदा वाजला तेव्हा लेफ्की खुर्चीवरून पडता पडता राहिली. स्तामातिस काका होता, जेवलीस का विचारायला. निरोपाचं त्याच्या गावीही नव्हतं. फोन ठेवल्यावर लेफ्कीचा चेहरा उतरत गेला, आणि अरेतीला स्वतःचाच राग आला. खरं दाखवणं वेगळं आणि पोरीला असं बसवून ते बघायला लावणं वेगळं. ती काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"माझा निरोप कुठाय?" एका बाईचा आवाज. एवढा मोठा, की यासोन दोन पावलं मागे सरला.

"आपण कोण, काकू?"

"मी स्मारो! त्रिकेरीची! थोदोरिसची बायको! निरोप का नाही आला? पोरी, पटकन बोल, माझे पाय कापतायत."

"काकू, बोटीत पाणी नाहीये, पाणी असतं तर—"

"पाण्याचं काय घेऊन बसलीस! डबी बोलली म्हणजे बोट वर आहे. बोट वर आहे म्हणजे तो वर आहे. पहाटे गेलाय तो. आज डबी बोलली नाही!"

अरेतीने लेफ्कीच्या हातातून फोन ओढून घेतला. "किरीया स्मारो, बोट ठीक आहे. आत्ता माझ्यासमोर दिसतंय. निरोप आम्ही मुद्दाम थांबवला होता. चूक माझी आहे." मग यासोनकडे वळून ओरडली, "चालू कर! सगळ्यांचे! आत्ता!"

पण तोवर दुसरा फोन आला, मग तिसरा. सगळ्या बायका. सगळ्या त्रिकेरीच्या, आखाताच्या पार टोकाला जिथे रस्ता संपतो तिथल्या. सात जणी. यासोनच्या मग हळूहळू लक्षात आलं: मागच्या पावसाळी आठवड्यात तो तिकडे एका कोळ्याला डबी बसवून आला होता, तिथे आणखी सहा जणांनी मागितली, त्यानेही दिली. फोन नंबर विचारला तेव्हा पुरुष म्हणाले, बायकोचा लिही, माझा पाण्यात पडतो. आणि ही सात माणसं अथेन्सच्या सादरीकरणात कुठेच नव्हती, कारण बोटी जुन्या, रंग उडालेल्या. लेफ्कीने फोटो घातले होते धर्मपित्याच्या पांढऱ्या बोटीचे.

"गाडी काढ," अरेती म्हणाली.

"कुठे?"

"त्रिकेरीला. बाईला घाबरवलंय आपण. फोनवर माफी मागून भागत नाही."

वाट डोंगराच्या कडेकडेने, वळणं संपता संपत नाहीत, आणि गाडी लेफ्कीची, म्हणजे खिडकी उघडली की बंद होत नाही आणि बंद असली की उघडत नाही. तिघं पोचली तोवर बोटी परतल्या होत्या. स्मारो धक्क्यावरच उभी होती. आडव्या बांध्याची, कमरेवर हात, आणि मागे इतर सहा जणी. अरेती गाडीतून उतरून सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

स्मारोने तिला धू धू धुतलं. शहरातल्या लोकांना अक्कल कशी नसते, समुद्र म्हणजे काय खेळ वाटतो का, या वयाची बाई असून लाज कशी नाही. मागे थोदोरिस जाळं आवरत होता. तो हळूच म्हणाला, "अगं, मी तर आलोय ना," तर त्यालाही दोन बसल्या. अरेतीने सगळं मान खाली घालून ऐकलं. एकदाही मध्ये बोलली नाही. लेफ्कीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, मीही होते यात," ती पुढे होऊन म्हणाली.

स्मारोने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डबी तू केलीस?"

"यासोनने आणि मी."

"हं. बसा. काही खाल्लंय का?"

मग अंगणात टेबल लागलं. फिरिकी सफरचंदांचा मुरांबा आला, थंड पाणी आलं, आणि पाठोपाठ खारवलेला मासा, कारण तक्रारींबरोबर तोंडी लावायला काहीतरी खारट हवं. निरोपात पाण्याचं कशाला लिहिता, नुसतं 'सगळं ठीक' लिहा. आणि बोट धक्क्याला लागली की आणखी एक निरोप द्या, म्हणजे भात कधी टाकायचा ते कळेल. अक्षरं मोठी करा, चष्मा शोधेपर्यंत जीव जातो. यासोन कागदी रुमालांवर लिहीत सुटला. लेफ्की पहिल्यांदाच तोंड मिटून बसली होती आणि तिचे डोळे नुसते चमकत होते.

"आणि पैसे का घेत नाही गं तुम्ही?" स्मारोने विचारलं.

"पहिलं वर्ष फुकट आहे, काकू."

"ते फुकट वगैरे काही नको. फुकटच्या वस्तूला हक्काने शिव्या देता येत नाहीत. आज मला किती अवघड गेलं!"

अरेती इतकी हसली की मुरांब्याचा चमचा तिच्या हातातून पडला. स्मारोही हसायला लागली. मग सगळं अंगणच.

दुसऱ्या आठवड्यात लेफ्की अथेन्सला गेली. अरेती गेली नाही; त्या सकाळी ती पोहायला उतरली ती बाहेरच येईना, शेवटी अपोस्तोलिस टॉवेल घेऊन पाण्यात गुडघाभर उतरला. दुपारी लेफ्कीचा फोन आला. तिने पांढऱ्या बोटीचे फोटो काढून टाकले होते. पन्नास डब्या वाटल्या, असं म्हणाली, आणि गिऱ्हाइकं सात. मग ती सात नावं घेतली. एकाने विचारलं, फक्त सात? दोघे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. एक बाई तेवढी शेवटी जवळ येऊन म्हणाली, ही स्मारो कोण, तिच्याबद्दल आणखी सांगा.

"पैसे?"

"शरद ऋतूत पुन्हा या, म्हणाले."

"म्हणजे वाटाण्याच्या अक्षता."

"हो," लेफ्की म्हणाली. "पण किरीया अरेती, पाय नाही कापले माझे. एकदाही." श्टुटगार्टबद्दल ती बोलली नाही, आणि अरेतीने विचारलं नाही. सल्ला देणाऱ्याने दुसऱ्याचं आयुष्य ठरवू नये हे तिला कळत होतं. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ परसात नुसती उभी राहिली.

महिन्याचा शेवटचा शनिवार. मिल्तोसचं दुकान गच्च भरलेलं. लेफ्की दारातून आली, पण या वेळी ओरडली नाही. टेबलाशी येऊन उभी राहिली. "आजची फेरी माझी."

अरेतीने पेल्यावर हात ठेवला. "कोण?"

"स्मारो, कोंदिलो, मालामो, त्रियांदाफिलिया, दोन्ही अस्पासिया आणि पायातली वहाण दाखवून बोलणारी ती व्हासो. साती जणींनी वर्षाचे पैसे भरलेत. आणि यातलं कुणी माझं नातेवाईक नाही."

अरेतीने हात उचलला. टेबलावर असा कल्ला झाला की शेजारच्यांनी माना वळवल्या. लेफ्कीने ऐटीत हाक मारली, "मिल्तोस! सगळ्यांना!"

मिल्तोस डोकं खाजवत आला. "उशीर केलास पोरी. तुमच्या टेबलाचं कुणीतरी आधीच दिलंय."

"कोणी?" लेफ्की आणि अरेती एकदम ओरडल्या.

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे त्रिकेरीच्या बायका शनिवारचा बाजार करून पिशव्यांसकट बसल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर पलीकडच्या गावच्या चार-पाच अनोळखी बायकाही, ज्या डबीबद्दल ऐकून आल्या होत्या. स्मारोने तिथूनच पेला उंचावला.

लेफ्कीच्या डोळ्यांत पाणी आलं, अर्धं आनंदाचं आणि अर्धं खरोखरच्या रागाचं. "काकू, हे बरं नाही! आज माझा मान होता! किती महिने वाट पाहिली मी!"

"मग पुढच्या शनिवारी पाज!" स्मारो तिथून गरजली. "की तिकडे जर्मनीत जाऊन कुणाला पाजणार आहेस? तिकडे तर ज्याचं तो देतो म्हणे!"

दुकान हसलं. लेफ्की मात्र हसली नाही. ती खाली बसली, डोळे पुसले, आणि एकदम वळून म्हणाली, "मिल्तोस, पुढची फेरी किरीया अरेतीची."

अरेती गोरीमोरी झाली. "माझी? माझी कशी? नियम ठाऊक आहे ना तुला. माझ्याकडे कोण आहे?"

"मी," लेफ्की म्हणाली. "मी आहे. सोमवारी श्टुटगार्टला नाही म्हणून कळवतेय. नात्यातली नाही, आणि तुमच्यापायी झीजही पुष्कळ सोसलीय."

अरेतीने पिशवी मांडीवर घेतली, पाकीट शोधायला लागली, आणि ते सापडेपर्यंत मिल्तोस झाडू घेऊन शेजारी येऊन उभा राहिला होता.

"बाजूला ठेव तो," ती म्हणाली. "आणि ऑक्टोपस आण. कोपऱ्यातल्या टेबलालाही."